जोडीतली एक

पुण्याहून आलेल्या गृहस्थांनी आधी हात धुतले,
मग खिशातून भिंग काढलं.
पडवीतल्या चटईवर ती सव्वासात फुटांची फळी.
शेजारी सुकट वाळत होती, तरी त्यांनी
नाकाला रुमाल लावला नाही,
एवढ्यावरून मला माणूस बरा वाटला.

"हिकरी," ते म्हणाले. "उतारावरच्या शर्यतीची.
कडेचं पोलाद बघा, तुकड्यातुकड्यानं स्क्रू मारून बसवलंय.
तार मूळची, स्प्रिंग मूळची.
आणि हा सतरा कुणी तरी चाकूनं कोरलाय,
याचे पैसे वेगळे."

हुसेनमामा बुरोंडकर जहाजावर ग्रीझर होते.
नॉर्वेच्या कुठल्याशा बंदरात जहाज दुरुस्तीला थांबलं,
तिथल्या एका म्हाताऱ्याला मनगटावरचं घड्याळ देऊन
त्यांनी ही जोडी घेतली,
आणि दाभोळला आल्यावर
होडीच्या डागडुजीचे पैसे नाहीत म्हणून
बाबांच्या पुढ्यात ठेवली.
म्हातारा म्हणे जवानीत अख्खा डोंगर
एक मिनिट चाळीस सेकंदांत उतरायचा.
आम्हाला मिनिट कळत होतं. डोंगर कळत होता.
बर्फ म्हणजे फॅक्टरीतली लादी,
भुशात गुंडाळलेली, पापलेटांवर फोडून टाकायची.
डोंगरच्या डोंगर बर्फाचे असतात हे ऐकून
आई म्हणाली, अगो बाई,
मग केवढी मासळी राहील!

बाबांनी फळी उलटी केली, तळाचा वास घेतला.
"डांबर. झाडाचं. म्हणजे तिकडेही होड्या बांधतात."
मग टोकाच्या वाकावरून अंगठा फिरवत राहिले.
नाळ असावी तसा तो वाक.
"वाफेवर वळवलाय. कापलेला नाही."
आणि बऱ्याच वेळानं, कुणाला उद्देशून नाही असं,
"हात चांगला होता त्याचा."

घसरफळ्या हे नाव त्यांचंच.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला
की मी आणि मामांचा अन्वर,
एकाच्या उजव्या पायात एक, दुसऱ्याच्या डाव्या पायात एक,
उरलेल्या पायानं चिखल रेटत
तरीच्या धक्क्यापासून तिवरांच्या पहिल्या झुडपापर्यंत.
कोपरं कालवांनी फाटायची.
अन्वर नेहमी पुढे.
हरल्यावर मी तार सैल होती म्हणायचो,
आणि खरं तर नसायची.

"दुसरी?" गृहस्थांनी विचारलं.

एका कागदावर त्यांनी जोडीची किंमत लिहिली.
दुसऱ्या कागदाची गरजच पडली नाही,
त्याच आकड्यातली दोन शून्यं खोडून
एकटीची किंमत झाली.

मी सांगितलं, ती अन्वरच्या होडीवर आहे.
वादळाच्या वर्षी त्याच्या सुकाणूचा दांडा मोडला,
बाबांनी मला न विचारता
करवत घेतली.
मी भांडलो. महिनाभर बोललो नाही.
ते इतकंच म्हणाले,
टांगून ठेवलेलं लाकूड किडतं रे.
सतरा त्या तुकड्यावरही आहे,
अन्वरच्या तळहाताखाली
बुजत आलेला.

"बघायला मिळेल?"
भरतीला येईल, मी म्हणालो.
सध्या ती कामावर आहे.

ते हसले नाहीत.
भिंग घडी घालून ठेवलं,
कागद माझ्या हातातून परत घेतला,
त्यावर काही लिहिलं नाही.
मग म्हणाले, मी आजवर एकसष्ट जोड्या जमवल्या.
बर्फ पाहिला नाही. गुडघे असे आहेत.
पाय ठेवू का?

मी चटई नीट केली.
त्यांनी बूट काढला, मोजाही काढला,
चामड्याच्या पट्ट्यात पाऊल सारलं
आणि एक हात खांबाला धरून
खाडीच्या दिशेनं किंचित वाकले,
डोळे मिटून.

मी आत चहा टाकला, आलं ठेचलं,
कपबश्या धुतल्या.
बाहेर आलो तेव्हाही
ते उतरलेले नव्हते.