टाकणे

तीन आठवड्यांसाठी कुओपिओला आले होते,
कंपनीचे नवे पंप शिकून घ्यायला.
आउलिक्कीबाईंच्या घरी वरची खोली,
खिडकीत तळं,
आणि रात्री अकरालाही विझायला तयार नसलेला उजेड.

पहिल्या रात्री दुधाचा रिकामा खोका
सिंकखाली दिसेल त्या डब्यात टाकला.
सकाळी तो टेबलावर हजर.
विसळलेला, चपटा केलेला, वाळलेला,
माझ्या कपाशेजारी,
लाल शाईनं तपासून आलेल्या वहीसारखा.
बाई काही बोलल्या नाहीत.
त्यांनी कॉफी ओतली.

सिंकखाली सहा डबे.
काच, पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक, ओलं,
आणि सहावा, ज्याचं झाकण उघडताना
बाई उधारी मागायला आल्यासारख्या कानकोंड्या होतात.
ओल्यासाठी शिळ्या वर्तमानपत्राची पिशवी:
चार घड्या, एक खोच.
ती मला पहिल्या झटक्यात जमली.
माझे वडील किराणा विकायचे;
पुडी अजून बोटांत आहे.
तेव्हा बाईंनी पहिल्यांदा चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

रविवारी किनाऱ्यावर गालिचे धुतले.
पाइनच्या साबणाचा वास, गुडघे ओले,
शेजारची तेल्लेर्वो ब्रशनं खसाखसा घासतेय.
पूर्वी थेट तळ्यात धुवायचो, म्हणाली,
आता फेस तळ्याला द्यायचा नाही,
म्हणून हे ओटे, हे वेगळे पाट.
पलीकडच्या काठावर एक चिमणी सावकाश धूर सोडत होती.
मी बोट दाखवलं.
तेल्लेर्वो हसली, म्हणाली, हो, ती पण आमचीच.
मी विमानातून येताना मागे किती धूर सोडला
ते तिनं विचारलं नाही.
मीही काढलं नाही.

तुमच्या भाषेत याला काय म्हणतात,
बाईंनी डब्याकडे हात करून विचारलं.
टाकणे, म्हटलं.
आणि रात्रभर तो शब्द दातात अडकून राहिला.
आम्ही जेवून टाकतो, बोलून टाकतो,
पत्र लिहून टाकतो, मुलीचं लग्न उरकून टाकतो.
काम संपलं हे कळायलासुद्धा
आम्हाला काहीतरी फेकावं लागतं.
आणि नवऱ्यानं सोडलेल्या माझ्या मावशीला
अख्खी गल्ली म्हणायची, टाकलेली.
कुठल्या डब्यात, ते कुणी सांगितलं नाही.

शुक्रवारी बाई रिकाम्या बाटल्या धुतात,
लेबल जपून, झाकणं घट्ट,
आणि दुकानातलं यंत्र दोन मिनिटांवर असूनही
बसथांब्याच्या बाकाखाली पिशवी ठेवून येतात.
मग पडद्याआड उभ्या राहतात.
सायकलला दोन पोती बांधलेला एक म्हातारा येतो,
पिशवी उचलतो, वर बघत नाही.
कोण, मी विचारलं.
रेइयो, त्या म्हणाल्या. नवरा होता.
मग बऱ्याच वेळानं:
पितो. दार नाही उघडत मी.
पण बाटलीचे वीस सेंट असतात,
मोठीचे चाळीस.

निघायच्या दिवशी बस उशिरा होती.
पाणी संपलं, बाटली बाकाखाली ठेवली.
तो आला. बाटली हातात घेतली,
उलटी करून शेवटचा थेंब गवतावर झटकला,
आणि उघड्या तोंडावर बोट टेकवून
माझ्याकडे बघत राहिला.

झाकण माझ्या खिशात होतं.
कधी ठेवलं, आठवत नाही.
मी ते काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.
त्यानं फिरवून बसवलं, घट्ट,
अगदी बाई बसवतात तसं.