थांबे

निरोपाच्या उपासनेत वीज गेली.
उजागरेबाईंनी पेटीचा भाता जोरात ओढला,
सूर अर्धा वर लागला, कुणी हरकत घेतली नाही.

शाल दिली. भिंतीवरचं घड्याळ दिलं,
"तिसरं," पाळकीणबाई माझ्या कानात म्हणाल्या.
खाली शटरपाशी टेम्पो उभा:
कपाट, कढीपत्त्याची कुंडी,
कोपरखैरण्यातली सहा वर्षं दोरीनं आवळून.

शांतवन गेला तेव्हापासून
माझ्या तोंडून आमेनसुद्धा निघत नव्हतं.
घाटविसावे पाळक समजूत काढायला आले नाहीत.
एकदा माझ्याच बसमध्ये चढले,
सुटे पैसे मोजून तिकीट घेतलं, म्हणाले,
"शब्द नसतील तर राहू दे, कंडक्टरबाई.
थांबे आहेत ना?
एका थांब्याला एक घर आठवा. नाव पुरे.
पुढचं त्याला कळतं."

मला रागच आला होता.
तरी रबाळ्याला मकासरेंची सून आठवली,
घणसोलीला कोण, ते सांगत नाही.

आज टेम्पोत चढताना त्यांनी
चौकटीची वही माझ्या हातात कोंबली.
पानोपानी मंडळी:
गुडघे, नोकरी, पोराचं व्यसन, खोलीचं भाडं.
माझं नाव दर पानावर,
आणि पुढे काहीच नाही.
मागणंसुद्धा नाही.

सकाळची पहिली फेरी.
चर्चच्या थांब्याला चढणारं कुणी नव्हतं, उतरणारंही.
ड्रायव्हर आरशातून बघत राहिला.
मी नाव घेतलं, त्यांचं,
मग त्याचं, माझ्या पोराचं,
आणि डबल बेल दिली.