तिसरा गिअर

उद्यमबागेत, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढं,
एकोणीस वर्षं मी क्रँकशाफ्ट मोजतो.
(मोजतो. आमच्याकडं बायकाही मोजतोच म्हणतात.
पुण्याची जाऊ हसते. हसू दे की.)
डायलचा काटा एक रेघ जादा हलला
तर नग बाजूला, लाल खडू.
कूलंटचा वास रविवारीही
नखांतून जात नाही.

म्हणून साईराज जेव्हा ओरडला,
आई, अप्पा-आजोबांची गाडी आलीय गेममध्ये,
तेव्हा मी गाडी नाही बघितली,
आकडे वाचले.

वजन आठशे पंच्याण्णव.
चाळीस घोडे.
पिस्टनची धाव अडुसष्ट मिलिमीटर.

"एकोणसत्तर पाहिजे," मी म्हटलो.
"एका मिलिमीटरनं काय होतंय?"
एका मिलिमीटरनं आख्खी खेप भंगारात जाते, बाळा,
आणि आमचा बाळगोंडा सुपरवायझर
जेवणाचा डबा न उघडता घरी नेतो.

खरं (म्हणजे तुमचं 'पण')
बाकी चोख होतं.
मागच्या काचेची रबरी कड,
स्टिअरिंगवरचा पातळ चकचकीत गोल,
दाराचा आवाजसुद्धा: आधी ठप्प,
मग आत कुठंतरी बारीक खळ्ळ.
कुठल्या देशात कोण जाणे,
कुणीतरी कान लावून ते दार
उघडलं असणार, मिटलं असणार, परत उघडलं असणार.
माझ्याच खात्यातला माणूस.

मग साईराजनं घाटरस्ता निवडला,
उतारावर तिसऱ्यात टाकली,
आणि गिअर
जागेवर राहिला.

तिथं मी म्हटलो, ही ती गाडी नव्हे.

अप्पांची गाडी वंटमुरी घाटात
तिसऱ्यातून निसटायची. दर खेपेला.
बेळगाव-कोल्हापूर, चार सीट, लगीनसराईत सात,
आणि अप्पा डाव्या गुडघ्यानं दांडा दाबून
शेजारच्या निपाणीच्या तंबाखूवाल्याशी कन्नडमध्ये,
मागच्या वऱ्हाडाशी मराठीत,
गुडघा न हलवता बोलत राहायचे.
पँटीला त्या जागी
मुठीएवढी चकाकी आली होती.
गिअरबॉक्स कधी उघडला नाही त्यांनी.
"चालतंय की. गुडघ्याला तेवढंच काम."

आता गुडघा
कुठल्या रकान्यात भरायचा?

साईराज हट्टाला पेटला. निदान वजन तरी बघू.
मच्छ्यात मामाच्या पत्र्याखालची गाडी
टेम्पोला बांधून पिरनवाडीच्या वजनकाट्यावर नेली.
आतून कोंबडीची पिसं निघाली,
एक करदोटा, सुटे पाच पैसे,
आणि कुणाचं तरी लहानपणचं सँडल. माझं नव्हे.
इराप्पानं पावती फाडली. अक्षर कन्नड,
आकडा सगळ्यांना कळेल असा: नऊशे वीस.

"पंचवीस किलो जादा," साईराज म्हणाला. "गेम चुकलाय."
"आमचा काटा वीसवीसनंच बोलतो," इराप्पा म्हणाला,
"मधलं त्याला ऐकू येत नाही."

घरी येऊन पावती मी चष्म्याच्या डबीत ठेवली.
ठेवण्याआधी सवयीनं मागं शेरा मारला.
कारखान्यात मंजूरचा शिक्का असतो, नामंजूरचा असतो,
आणि एक तिसरा, क्वचित लागणारा,
ज्याला बाळगोंडाची सही लागते:
मापात नाही, खरं चालतंय.

अडुसष्टचं मी परत काढलं नाही.
रात्री पोरगा घाट उतरत होता.
स्क्रीनवर गिअर निमूट, जागेवर.
खाली टेबलाच्या पायाला
त्याचा डावा गुडघा
घट्ट दाबलेला.