महिना एकोणपन्नास रुपये

'अमर्याद' ह्या शब्दावर बारीक चांदणी होती.
मला ती शोभेची वाटली.

सावद्यात सकाळी आठला केळीचे भाव सुटतात
आणि बरोबर आठला
माझं ॲप पाय पसरून बसतं.
पाचशे तीन.
त्याच सर्व्हरवर म्हणे कुणाचं वधूवर मंडळ आहे,
लगीनसराईत आमचा श्वास तेच ओढतात.

मदतीच्या खिडकीतला हिरवा ठिपका म्हणतो,
कॅशे साफ करा, मॅडम.
काल केली. आज केली.
खरकटी भांडी घासावीत तशी केली.

तेवढ्यात नेहेतेकाकांचा फोन:
"काय वं पोरी, तुह्या दुकानाचं शटर आज बी खालीच?"

मी वहीतून भाव वाचून दाखवते.
पलीकडे ट्रक सुरू होतो.
फोन ठेवता ठेवता काका विचारतात,
"मंग पैसे कोनाले देते तू?"