काटाघरातला बुधवार

आतून कडी लागणारं दार
अख्ख्या जिनिंगात एकच, माझ्या काटाघराचं.
म्हणून नागपूरच्या मॅडमना तीच खोली दिली.
मी काट्याचा डिस्प्ले खिडकीतून बाहेर वळवला,
पावतीबुक काखेत, स्टूल बाभळीखाली,
आणि दर बुधवारी, अकरा ते चार,
माझ्याच दारावर मी वॉचमन.

देवराव झाडेचा हात प्रेसमध्ये गेला,
त्याच्या दहाव्या दिवशी शेटजींनी नोटीस लावली:
कामगारांसाठी समुपदेशन. मोफत.
हकीम फिटरने अक्षर लावून वाचलं, स-मु-प-दे-शन,
आणि म्हणाला, "म्हंजे मेंदूचं सर्व्हिसिंग."
मग कोण जाते?

पहिल्या बुधवारी कोणी नाही.
दुसऱ्या बुधवारी एक कुत्री, सावलीसाठी.
मॅडमनी डबा उघडला, तिला अर्धी पोळी घातली,
आणि चारच्या एसटीने वणीला परत.

तिसऱ्या बुधवारी सुखदेव कन्नाके
"पंखा चालू हाय का पाहून येतो" म्हणत आत गेला
आणि पाऊण तास पंखाच पाहत होता.
बाहेर आला, नळाखाली डोकं धरलं.
"काय बोल्ली बे?"
"तिनं काहीच नाई. मीच बोलून राहिलो होतो."
त्या रात्री त्याने प्रेसचं बटण दाबलं.
देवरावनंतर पहिल्यांदा.

मग रेच्यावरच्या बाया आल्या, जोडीजोडीने,
पदराला, भुवयांना रुई चिकटलेली.
विमल टेकाम उंबऱ्यातच अडली,
"हे शेटजीले सांगान का, बाई?"
मॅडमनी पेनाला टोपण लावलं
आणि पेन खिडकीतून माझ्या हातात दिलं.
चार वाजेपर्यंत पावत्या मी त्याच पेनाने लिहिल्या.
माझ्या पेनापेक्षा बरं चालत होतं.

मी ऐकत नाही.
भिंत एका विटेची आहे, तो माझा गुन्हा नाही.
कधी नाक ओढल्याचा आवाज, एकदा दोघींचं हसू,
पुष्कळदा नुसता पंखा.
शेटजींचा मुनीम विचारायला आला,
"बाबू, किती लोकं, कायच्या तक्रारी, काही यादी?"
मी म्हटलं, "यादी सरकीची मागा, देतो."
हे मी बोललो याचं मलाच नवल वाटलं.
चौदा हंगामांत मुनीमाला मी पहिल्यांदाच नाही म्हटलं.

फेब्रुवारीतला एक बुधवार. साडेतीन.
आत कोणी नव्हतं.
मी पेन परत करायला गेलो
आणि बसलो.

खोली माझीच,
पण पाहुण्याच्या बाजूला कधी बसलो नव्हतो.
तिथून दिसलं, माझ्या खुर्चीमागे भिंतीवर
माझ्या डोक्याच्या तेलाचा गोल काळा डाग.
मॅडमचं डोकं त्याच्या खाली, चार बोटं अंतरावर.
त्यांनी काही विचारलं नाही.
मी थंडीबद्दल बोललो. कापसाच्या भावाबद्दल बोललो.
मुलीच्या बारावीबद्दल बोललो.
बाहेर ट्रकने हॉर्न दिला.
"जा, वजन करून या," त्या म्हणाल्या. "मी हाय."

रिकामा काटा कधी शून्यावर टिकत नाही.
नुसत्या वाऱ्यानेही दहा दाखवतो, वीस दाखवतो.
ट्रक चढायच्या आधी बटण दाबून ते शून्य करायचं,
नियम आहे.
दाबलं. ट्रक घेतला. पावती फाडली.
ड्रायव्हर म्हणाला, "बाबू, हात काहून हलून राहिला?"

चारची एसटी फाट्यावर येऊन थांबली,
दोनदा वाजली, गेली.
मॅडम उठल्या नव्हत्या.
मी आत आलो, कडी लावली.

"त्या रात्रीही ट्रक असाच उभा होता," मी म्हटलं.
"दोनच गठाणा कमी होत्या, मॅडम.
देवराव म्हणत होता, साखळी अडकून राहिली, थांबा.
मी याच खिडकीतून ओरडलो,
होऊ दे ना बे लवकर."