पंचवीस टक्के

समन्स आलं ते मी ब्रेडच्या डब्यामागे खोचलं,
गॅसच्या बिलाशेजारी.
दोघांची ओळख होऊ दे म्हटलं, आपसात काय ते मिटवतील.

बाराशे बारा पौंड कौन्सिलची थकबाकी,
आणि समन्स पाठवल्याचा खर्च वेगळा.
म्हणजे मला घाबरवायचं,
आणि घाबरवण्याची मजुरीही मीच द्यायची.

फ्लीटवुडहून ट्राम पकडली. डावीकडे घरं, उजवीकडे समुद्र,
ओहोटीतला, अंग चोरून बसलेला.
मासे पॅक करणाऱ्या बायकांच्या हाताचा वास जात नाही,
म्हणून मी हातमोजे घातले होते. न्यायाधीशाला कशाला कळायला हवं?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ब्लॅकपूलच्या कोर्टाला पायरी नव्हतीच.
रॅम्प होता, चाकांच्या खुर्चीसाठी, गुळगुळीत.
चढले केव्हा ते कळलंसुद्धा नाही.

न्यायाधीश दिसलाच नाही.
कॉरिडॉरमध्ये घडीचं टेबल, लॅपटॉप, मिंटच्या गोळ्यांची वाटी,
आणि मागे कौन्सिलचा एक पोरगा, तौसीफ, गळ्यात ओळखपत्र.
आज तीनशे नव्वद नावं आहेत, म्हणाला,
तुम्ही धरून नऊ जण आलेत.
बाकीच्यांवर आत एकदमच शिक्का बसेल.
गोळी घ्या.

मी घेतली.

मिसेस थ्रेलफॉल, घरात अठराच्या वरची माणसं किती?
दोन, मी म्हणाले.
दुसरं कोण?
मुलगा. जार्विस.
त्याचं उत्पन्न?

गोळी गालात अडकली.
बोर्डावरच्या धूम्रपान मनाईकडे मी बघत राहिले,
जणू उत्तर तिथे लिहिलंय.

पोस्टमनला मी सांगितलं नव्हतं.
शेजारच्या ग्लेनिसलाही नाही. तिला म्हणायची, रात्रपाळी आहे त्याची.
शुक्रवारी चिप्सची दोन पाकिटं आणायची,
दुसरं शनिवारी गरम करून खायची.
ॲबरडीनहून एक मेसेज आला होता, पोचलो एवढाच.
मग तो नंबरही दुसऱ्या कुणाचा झाला, एक बाई उचलते.
दोन वर्षं मी एका माणसाचा कचरा काढला
आणि दोघांचा कर भरत आले,
जमेल तेवढा. मग जमेना.

तौसीफने लॅपटॉपचं झाकण जरा खाली केलं.
एकट्या माणसाला सवलत असते, म्हणाला, पंचवीस टक्के.
मागच्या तारखेपासूनही देता येते.
फक्त तो शेवटचा कधी राहिला, ती तारीख लागेल.
अंदाजे चालेल.

अंदाजे!
एकोणीस मार्च. मंगळवार. डब्यांचा दिवस.
जाताना त्याने कचऱ्याचा डबा बाहेर नेऊन ठेवला,
दांडा रस्त्याकडे करून, नियमाप्रमाणे,
आणि तसाच पुढे चालत गेला.

हे सगळं त्याच्या रकान्यात मावलं नाही.
त्याने आकडे तेवढे टाइप केले.
बाराशे बाराचे चारशे बासष्ट झाले.
चांगली बातमी आहे, असं तो म्हणायला गेला,
माझ्याकडे बघितलं,
आणि नुसतंच म्हणाला, महिना तीस जमतील?

जमतील.

सही करायला हातमोजा काढावा लागला.
वास त्याला आला असणार. त्याने नाक मुरडलं नाही,
एवढं मी आईला सांगितलं असतं, ती असती तर.

उठताना विचारलं, आणि तो परत आला तर?
एकवीस दिवसांत कळवायचं, वेबसाइटवर फॉर्म आहे.
मी म्हटलं, एकवीस दिवस कशाला?
त्याच रात्री कळवीन.
ऑफिस बंद असेल, मिसेस थ्रेलफॉल.
असू दे.
मशीनवर सांगून ठेवीन.