व्यत्यय: रायबंदर ते चोडण

मुख्यालयातल्या नकाशावर
प्रत्येक राज्याच्या पोटात त्याचा आकडा लिहिलेला असतो:
खिशातल्या पडद्यावर टीव्ही बघणारे, लाखांत.
गोव्याच्या पोटात आकडा मावत नाही.
म्हणून तो अरबी समुद्रात लिहितात
आणि एक बारीक रेघ ओढतात किनाऱ्यापर्यंत,
गरी टाकल्यासारखी.

त्या रेघेच्या टोकाला मी.
पाठीवर यंत्र, यंत्राला चार फोन,
चारही फोनांवर एकच सामना,
आणि कुठे तुटतं ते लिहून ठेवणं एवढंच काम.

सहाची फेरीबोट सुटली.
लोक स्कूटरवर बसूनच बघतायत,
हेल्मेट मांडीवर, फोन हेल्मेटात.
आपोलीनबायच्या पाटलीत उरलेले चार बांगडे,
त्यांच्या बर्फाला टेकवलेली मालिका:
सासूने हात उगारलाय.

‘लाईव्ह’ हा शब्द मी दिवसातून वीसदा लिहिते.
पण गोल आधी बेनितोच्या फोनवर झाला,
मग मारुती व्हॅनमध्ये, मग कठड्याजवळ,
आणि अगदी शेवटी त्या शाळकरी पोराच्या,
ज्याचा पॅक सर्वांत स्वस्त.
त्याचा चेंडू अजून मध्यरेषेवर होता
आणि भोवती माणसं नाचत होती.
तरी त्याने श्वास रोखून धरला.

वर काचेच्या खोलीत शाबलो मांद्रेकर, सुकाणूवर.
त्याला फोनची बंदी.
गोल त्याला चारदा ऐकू आला.
चारदा मान हलवली त्याने,
डोळे पाण्यावरच.

नदीच्या मध्यात
खारफुटीचं टोक डाव्या हाताला आलं
आणि सगळं थांबलं.
माझे चार, त्यांचे सगळे.
खेळाडूचा पाय हवेत.
सासूचा हात हवेत.
मी घड्याळ दाबलं.

कुणीतरी म्हणालं, भरती आहे.
एक स्कूटर कलंडत होती, ती तिघांनी धरली.
बेनितोने पोराला विचारलं,
तू मानुएल सुताराचा ना?
पोर हो म्हणेपर्यंत चित्र परत आलं.

अकरा सेकंद.

मी प्रामाणिकपणे कळवलं.
अक्षांश, रेखांश, कालावधी, भरतीची वेळसुद्धा.
शिफारस: चोडणच्या बाजूला एक मनोरा.

महिन्याने उत्तर आलं.
देशभर प्रेक्षक चौपट, सर्वांचं अभिनंदन.
आपल्या अकरा सेकंदांना फेऱ्यांनी गुणलं,
मनोऱ्याच्या खर्चाने भागलं,
तर दशांशचिन्हानंतर शून्यंच शून्यं येतात.
तूर्त दुर्लक्ष करावे.

मला बरं वाटलं असं म्हणणार नाही.
तुटलेलं शोधायचाच मला पगार मिळतो.
पण पत्र घडी करून ठेवताना
त्या संध्याकाळचा चोडणचा धक्का आठवला.
लोखंडी फळी खाली पडायच्या बेतात,
आपोलीनबाय माझ्या यंत्राकडे बघत, हक्काने:
“बाये, मारलें काय ना तिणें?”

चित्र परत आलं तेव्हा सासू दुसऱ्या खोलीत होती
आणि सुनेचा हात गालावर.
मधलं मध्येच गेलं होतं.
मागे नेऊन दाखवू का, मी विचारलं.
तिने फोन बांगड्यांवर पालथा घातला,
पाटली डोक्यावर चढवली.

“मारूंक ना,” म्हणाली.
“खाज आयल्या तिका.”